साधीच गाठ

बापूजीनं ती बाटली लॅबमध्ये दिलीच नव्हती. गोष्ट इथूनच सांगायला पाहिजे. बाकीच्यांनी ती दुसरीकडून सुरू केली आणि म्हणून सात वर्षं सगळं घर भलत्याच वाटेनं चालत राहिलं.

बाटली म्हणजे काय, औषधाची असते तशीच, बोटभर उंच, पांढऱ्या झाकणाची. आत पाण्यासारखं दिसणारं फॉर्मालिन आणि त्यात बुडालेला बोराएवढा तुकडा. तो बापूजीच्या पोरीच्या, अर्पिताच्या जबड्यातून निघालेला. पोरगी तेव्हा बारावीत होती. डाव्या गालाखाली, मागच्या दाढेपाशी तिला काहीतरी टणक लागत होतं. दुखत नव्हतं, म्हणून चार महिने कोणी मनावर घेतलं नाही. मग पुसदच्या दातांच्या डॉक्टरनं, चारुदत्त नाव त्यांचं, मोठा एक्स-रे काढला आणि सांगितलं की अक्कलदाढ हाडातच अडकली आहे, तिच्याभोवती थैली धरली आहे. त्यांनी दाढ काढली, थैली काढली, आतलं हाड खरवडून साफ केलं आणि बाटली बापूजीच्या हातात दिली. म्हणाले, "यवतमाळच्या लॅबमध्ये नेऊन द्या. आजच्या आज. साधीच वाटते, पण तपासल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही."

आपल्याकडे हे असंच चालतं. तुकडा काढणारा एका गावात, तपासणारा दुसऱ्या गावात आणि मधले शंभर किलोमीटर नातेवाइकाच्या भरवशावर. बहुतेक नातेवाईक नेऊन देतात. बापूजीनं दिला नाही, आणि तो काही आळशी किंवा बेफिकीर माणूस नव्हता, हीच तर रडायची गोष्ट आहे.

महागावपासून चार कोसांवर त्याचं गाव. कापूस, तूर, थोडं सोयाबीन, घरचं खाऊनपिऊन बरं. बायको इंदुताई, मोठा मुलगा अंकुर, धाकटी अर्पिता. पोरगी म्हणजे त्याचा जीव की प्राण. आणि त्याचा एक नेम होता: वाईट बातमी उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. ती आपण बाहेरच ऐकायची, बाहेरच गिळायची आणि घरात हसत शिरायचं. सासरा वारला तेव्हा त्यानं इंदुताईला "बुवाची तब्येत जरा खालीवर हाये" एवढंच सांगून माहेरी नेलं होतं. अंगणातली गर्दी पाहून ती बिचारी काय ते समजली. यात आपण काही वावगं करतो असं त्याला कधी वाटलं नाही. घरचा कर्ता पुरुष दुसरं काय करतो, असंच तो म्हणायचा.

तर पुसदहून दिग्रस, दारव्हा करत एसटी यवतमाळला पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. बाटली रुमालात गुंडाळून त्यानं सदऱ्याच्या खिशात ठेवली होती आणि सगळा प्रवास एक हात खिशावर. लॅबची जेवणाची सुट्टी झालेली. बाहेरच्या बाकावर आधीच एकजण बसला होता, दिग्रसकडच्या तांड्यावरचा, प्रेमसिंग नाव. बायकोच्या रक्ताचा कागद न्यायला आला होता.

"काय आणलं जी?" प्रेमसिंगनं विचारलं.

"पोरीच्या जबड्यातली गाठ हाये. तपासाले द्याची हाये."

प्रेमसिंग बाकावर जवळ सरकला. मग म्हणाला, "नका देऊ. माह्या भावाचं असंच झालतं. तोंडात गाठ होती, वर्षभर चूप होती. तुकडा तपासाले देल्ला आन् दोन महिन्यात भाऊ गेला. गाठीले छेडलं का थे पिसाळते."

आता पाहा, प्रेमसिंगचा भाऊ तपासणीनं मेला नव्हता. तो आधीच मरणाला टेकला होता, तपासणीनं फक्त दुखण्याचं नाव सांगितलं. आणि अर्पिताची थैली तर केव्हाच बाहेर निघालेली, तिला इथं कापलं तर तिकडं घरी पोरीच्या जबड्याला काय होणार? हे बापूजीला त्या बाकावर कोणीतरी सांगायला पाहिजे होतं. कोणी नव्हतं. प्रेमसिंग खोटं बोलत नव्हता, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि भ्यालेल्या माणसाला भ्यालेल्या माणसाचंच पटतं.

खरं सांगायचं तर बापूजीला गाठीची भीती वाटलीच नाही. त्याला भीती वाटली कागदाची. सतरा वर्षांच्या पोरीच्या नावापुढं तो शब्द टाइप होऊन येईल, त्यावर शिक्का असेल, सही असेल आणि मग तो शब्द कोणाला पुसता येणार नाही. कागद आलाच नाही तर शब्दही येणार नाही. तीन वाजता लॅबचं दार उघडलं. आतल्या बाईनं विचारलं, "तुमचं काय काका?" आणि बापूजी म्हणाला, "काही नाही, असाच बसलो होतो." तो उठला आणि चालायला लागला.

बाटली त्यानं फेकली नाही. पोरीच्या अंगातला तुकडा, तो गटारात कसा टाकायचा? बसस्टँडच्या मागं मोकळं रान होतं. तिथं एका बाभळीखाली त्यानं चपला काढल्या, फुटक्या कौलाच्या तुकड्यानं हातभर खड्डा केला, बाटली उघडून त्यात रिती केली आणि वरून माती लोटली. माती देताना हात जोडले. "आता मांगं फिरून पाहू नको," असं तो त्या तुकड्याला म्हणाला. मग नळावर हातपाय धुऊन परतीची एसटी धरली.

घरी इंदुताई दारातच उभी होती. "काय म्हणे?"

"साधीच हाये."

तिच्या जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी तिनं शेजारीपाजारी पेढे वाटले. एक्स-रेचं खाकी पाकीट बापूजीनं तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "कागद याच्यातच हाये. जपून ठेव." लोखंडी कपाटात, लुगड्यांच्या खाली तिनं ते पाकीट ठेवलं. उघडून पाहिलं नाही. नवऱ्यानं सांगितलं म्हणजे आहे.

डॉक्टर चारुदत्तांचा फोन आला पंधरा दिवसांनी. बापूजीनं तेच सांगितलं. "मला दाखवून जा एकदा," डॉक्टर म्हणाले. पुढच्या खेपेला तो म्हणाला, कागद घरीच राह्यला साहेब. बाहेर माणसं ताटकळली होती. चारुदत्तांनी केसपेपरवर लिहून टाकलं, "रिपोर्ट: साधी थैली," आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. जो कागद कोणी पाहिला नाही तो असा डॉक्टरच्या अक्षरात पक्का झाला. वर्षा-सहा महिन्यांनी एक्स-रे काढून पाहायचा, तेही मग राहिलं. साध्या थैलीसाठी कोण एवढे हेलपाटे घालतं?

बापूजी मात्र काही सुखात नव्हता. पोरगी जेवायला बसली की तो तिच्या डाव्या गालाकडं पाहायचा. ती हसून विचारायची, "काय पाह्यता बाबा?" तो म्हणायचा, "काही नाही व, जेव." असं एक वर्ष गेलं, दोन गेली, गाल सपाट राहिला. मग तो स्वतःच हळूहळू मानायला लागला की बाटली लॅबमध्ये दिली असती तरी कागद साधाच आला असता.

चार वर्षांनी गाठ परत आली. त्याच जागी.

पुसदला डॉक्टरांनी जुना केसपेपर काढला, आपलंच अक्षर वाचलं आणि म्हणाले, थैलीचं अस्तर कुठं राहून गेलं असेल, पुन्हा भरली. त्यांनी पुन्हा खरवडलं. मदतनीस बाईनं विचारलं, "सर, पाठवायचं का तपासायला?" डॉक्टर म्हणाले, "मागचा रिपोर्ट नॉर्मल आहे ना. ही तीच आहे." आणि खरवडलेलं सगळं कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेलं. बापूजी तिथंच दाराशी उभा होता. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. साहेब, मागचा रिपोर्टच नाही. तो मूग गिळून उभा राहिला. उलट त्याला हायसं वाटलं, की या वेळी बाटली आपल्या हातात आली नाही. हे त्यानं पुढं कबूल केलं, आणि कबूल करताना त्याला स्वतःचीच किळस आली.

यंदाच्या जानेवारीत तिसऱ्यांदा. अर्पिता आता चोवीस वर्षांची. महागावच्या एका शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. पोरांना अक्षरं शिकवायची म्हणजे तोंड मोठं उघडून, ओठ हलवून दाखवायचे, आणि ती ते काम जीव ओतून करायची. एक दिवस पाणी पिताना ते हनुवटीवरून साडीवर सांडलं आणि तिला कळलंच नाही. खालचा ओठ डावीकडून बधिर झाला होता. मागचे दोन दात हलायला लागले होते. गाल तर असा फुगला की शाळेतली पोरं विचारायला लागली, मॅडम, तोंडात काय ठेवलं?

या वेळचा एक्स-रे पाहून डॉक्टर चारुदत्तांचा चेहरा उतरला. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि म्हणाले, "हे माझ्या हातचं नाही राहिलं. यवतमाळला डॉक्टर मधुवंतीकडे जा. जबड्याच्या सर्जन आहेत."

डॉक्टर मधुवंती वयानं लहान, बोलायला सरळ. त्यांनी सीटी स्कॅन केला, जबड्यातला छोटा तुकडा काढला आणि आपल्याच माणसाबरोबर लॅबला पाठवला. रिपोर्टच्या दिवशी बापूजीनं त्यांना दाराबाहेरच गाठलं. हात जोडून म्हणाला, "मॅडम, जे काही असन थे मलेच सांगा. पोरीले नका सांगू."

"काका, जबडा तिचा आहे," त्या म्हणाल्या. "मी तिच्यासमोरच सांगणार."

मग चौघांना समोर बसवून त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं. हनुवटीपासून कानाजवळपर्यंत डाव्या बाजूचं हाड भोकाभोकांचं, साबणाचा फेस असतो तसं. त्या म्हणाल्या, "आधी चांगलं सांगते. हा कॅन्सर नाही. अमेलोब्लास्टोमा म्हणतात याला. दात तयार करणाऱ्या पेशी असतात, त्यांच्यापासून होते ही गाठ. ही दुसरीकडं पसरत नाही सहसा, जिवावर उठत नाही. पण आहे तिथलं हाड खात सुटते. आणि वरवर खरवडली की पुन्हा येते, कारण तिची मुळं हाडाच्या आत शिरलेली असतात. चांगल्या हाडाच्या थोड्या पट्टीसकट ती कापूनच काढावी लागते."

"म्हणजे किती?" अर्पितानं विचारलं.

डॉक्टरांनी पडद्यावर बोट फिरवलं. डावा अर्धा जबडा. त्यातले दात. त्या जागी धातूची पट्टी बसवायची आणि वर्षभरानं सगळं ठीक राहिलं तर पायाचं हाड घेऊन जबडा पुन्हा बांधायचा.

इंदुताईनं पोरीचा हात घट्ट धरला. अर्पितानं मात्र शिक्षिकेसारखं विचारलं, नीट, पायरीपायरीनं. "मॅडम, पहिल्याच वेळी कळलं असतं तर?"

"तेव्हाच्या एक्स-रेची प्रत पुसदहून आली, ती मी पाहिली. सुपारीएवढी होती. त्या थैलीतच ही असणार, असा माझा अंदाज आहे. तेव्हा कळली असती तर थोडंच हाड काढून भागलं असतं, खालची कड शाबूत ठेवता आली असती. जबडा राहिला असता, बहुतेक." त्यांनी जुने कागद चाळले. "पण तुमचा पहिला रिपोर्ट साधा आहे म्हणतात. मला तो पाहायचाय. लॅबवाले तुकडा मेणात घालून वर्षानुवर्षं जपून ठेवतात. कागदावर नंबर असेल, त्यावरून काढून पुन्हा तपासता येईल. तेव्हा चुकून वेगळं वाचलं गेलं का, हे कळायला पाहिजे. कुठल्या लॅबला दिला होता?"

सगळ्यांनी बापूजीकडं पाहिलं. "आठवत नाही जी आता," तो म्हणाला. "कागदावर असन. कागद घरी हाये."

आणि मग घरात तो शोध सुरू झाला. देवा रे, कोणावर अशी वेळ येऊ नये. इंदुताईनं खाकी पाकीट काढलं, त्यात नुसता एक्स-रे. तिनं लोखंडी कपाट रिकामं केलं. लुगडी एकेक झटकून पाहिली. गहू-ज्वारीच्या कोठ्यांमागं, देवाच्या फोटोमागं, लग्नाच्या पत्रिकांच्या पिशवीत, अंकुरच्या जुन्या पुस्तकांत. चार दिवस तिच्या घशाखाली धड घास उतरला नाही. "मीच ठेवलता," ती पुन्हा पुन्हा म्हणायची. "ह्या हातानं ठेवलता. कुठं गेला असन?"

बापूजीसुद्धा शोधत होता. माळ्यावर चढून, बॅटरी लावून, धुळीत खोकत. जो कागद कधी नव्हताच तो.

पाचव्या दिवशी अंकुरचा तोल सुटला. "एक कागद सांभाळता येत नाही तुले," तो आईवर ओरडला. "किराणाच्या चिठ्ठ्या दहा-दहा वर्षं ठेवते डब्यात आन् पोरीच्या जबड्याचा कागद रद्दीत देल्ला असन." अर्पिता कोपऱ्यात बसली होती. ती ओरडली नाही. गालाला हात लावून एवढंच म्हणाली, "आई, एकच कागद होता." त्यानंतर आठ-दहा दिवस ती आईशी कामापुरतंच बोलली.

इंदुताई परसात जाऊन रडली. बापूजी ओसरीवर बसून ते ऐकत राहिला. उठावं आणि सांगावं असं त्याला शंभरदा वाटलं. पण आज सांगितलं तर ऑपरेशनच्या आधी पोरगी खचेल, ऑपरेशन होऊ द्या मग सांगू, असं तो स्वतःला समजावत राहिला. पळवाट शोधणाऱ्याला ती सापडतेच. बायको आपल्या जागी फासावर चढली आहे आणि आपण खाली उभं राहून पाहतो आहोत, हे त्याला पक्कं कळत होतं.

कागद मिळाला नाही म्हणून डॉक्टर मधुवंती थांबल्या नाहीत. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी नऊ वाजता अर्पिताला आत नेलं. जाताना ती बापाला म्हणाली, "बाबा, तुम्ही इथंच बसा. कुठं जाऊ नका." आईकडं पाहून नुसती मान हलवली.

अंकुर रक्ताच्या बाटलीच्या धावपळीत होता. ऑपरेशनच्या दाराबाहेर, भिंतीशी लागलेल्या लोखंडी खुर्च्यांवर दोघंच बसली, बापूजी आणि इंदुताई. अकरा वाजले, बारा वाजले. इंदुताई मांडीवर हात ठेवून बसली होती आणि मधूनच बोलत होती, स्वतःशीच. "त्या वर्षी दिवाळीत कपाट रंगवलं होतं. तेव्हा सामान बाहेर काढलं होतं. तेव्हाच गेला असन थो कागद. माह्याच हातून गेला."

बापूजीला ते ऐकवेना. "इंदू," तो म्हणाला. लग्नाला तीस वर्षं झाली, घराबाहेर त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. "कागद नोहताच."

"काय म्हणता?"

त्यानं सगळं सांगितलं. बाक, प्रेमसिंग, लॅबची बाई, बाभळीचं झाड, फुटकं कौल. पुसदला दाराशी उभं राहून गप्प बसल्याचंही. जमिनीकडं पाहत सांगितलं.

इंदुताई ओरडली नाही, रडली नाही. तिनं विचारलं, "मंग मी इतके दिवस काय शोधून राह्यलती?"

ती त्याच्याकडं वळून बसली.

"पोरगं माह्यावर ओरडलं तेव्हा तुम्ही माळ्यावर होते. मी बॅटरी धरली होती तुमच्यासाठी."

"मी सांगतो तिले. बाहेर आली, सुधीवर आली का सांगतो."

"नका सांगू." ती एवढं शांतपणे म्हणाली की त्यानं मान वर केली.

"काहून? तुह्यावर राग धरून हाये ते."

"धरू द्या. माह्यावरचा राग इसरन ते. मायवर किती दिवस रागावन पोरगी?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "तिचा जबडा गेला आज. बाप तरी राहू द्या तिले."

बापूजीला वाटलं होतं, ती शिव्या देईल, कपाळ बडवून घेईल, मग आपलं ओझं उतरेल. तिनं ते उतरवूनच घेतलं नाही, उलट स्वतःच्या डोक्यावर ठेवलं आणि त्याला गप्प बसायला सांगितलं. वाईट बातमी आपणच गिळायची, हा त्याचाच नेम आता ती पाळत होती.

चार वाजता डॉक्टर बाहेर आल्या. ऑपरेशन नीट झालं, म्हणाल्या. कडेचं हाड चांगलं दिसतंय. काढलेला भाग लॅबला गेलाय. अर्पिताला सहा महिन्यांनी यावं लागेल, मग पुन्हा सहा महिन्यांनी, अशी निदान दहा वर्षं. "ही गाठ दहा वर्षांनीसुद्धा तोंड वर काढते," त्या म्हणाल्या. "तपासणी चुकवायची नाही." हे सगळं त्यांनी पुढं अर्पितालाही सांगितलं, ती शुद्धीवर आल्यावर, तिच्या खाटेशी बसून.

पाचव्या दिवशी तिला खुर्चीत बसवलं. चेहरा सुजलेला, एका बाजूनं पट्टी, नाकात जेवणाची नळी. बोलायला मनाई, आणि बोलताही येत नव्हतं. अंकुरनं दुरेघी वही आणून दिली होती, तिच्याच वर्गातली पोरं वापरतात तशी. पाणी, दुखतं, नर्सला बोलाव, असं ती त्यात लिहायची. अक्षर अजूनही वळणदार.

त्या दिवशी सकाळी तिनं बराच वेळ लिहिलं आणि वही आईपुढं धरली. इंदुताईचा चष्मा गावाकडंच राहिला होता. तिनं वही नवऱ्याकडं दिली. "वाचा ना, काय म्हणते."

बापूजी वाचायला लागला. "आई, माझा तुझ्यावर राग नाही." तो थांबला.

"पुढं?"

"कागद कोणाकडूनही हरवतो. मी फार वाईट वागले तुझ्याशी. अंकुरदादालाही सांगते, तो माफी मागेल. तू मनाला लावून घेऊ नको. बाबा बघ, एवढ्या दिवसांत तुला एका शब्दानं बोलले नाहीत. मीच बोलले."

इंदुताईनं पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "बरं व माय," ती म्हणाली. "नाही लावून घेत." आणि तिनं बापूजीकडं एकदा पाहिलं. गप्प राहा, असंच ते पाहणं होतं.

पण त्याला ते जमलं नाही. वही हातात धरून तो स्टुलावर बसला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. "अर्पिता," तो म्हणाला, "कागद हरवला नाही. कागद कधी आलाच नोहता."

"अजी, राहू द्या," इंदुताई म्हणाली.

"नाही. ऐकू दे तिले. बाटली मी लॅबात देल्लीच नाही, पोरी. भेव वाटलं मले. कॅन्सर म्हणतीन म्हणून भेव वाटलं. बसस्टँडच्या मांगं माती देल्ली तिले आन् घरी येऊन साधीच हाये म्हणून सांगतलं. दुसऱ्या खेपेलेही चूप राह्यलो. तुह्या मायनं काही हरवलं नाही. तिले ऑपरेशनच्या दिवशी कळलं. तिनंच सांगू नका म्हणलं."

अर्पिताला मान वळवता येत नव्हती. ती फक्त डोळे फिरवून बापाकडं पाहत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सुजलेल्या गालावरून पट्टीत जिरत होतं. घशातून एक घरघर निघाली, तीही तिला दुखली असावी, कारण तिनं डोळे गच्च मिटले. इंदुताई धावली. अर्पितानं आईचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. बापूजीच्या मनात आलं, उठून तिच्या पायाशी बसावं. तेवढीही हिंमत त्याला झाली नाही.

शेवटी तिनं हात पुढं केला. त्यानं वही दिली. तिनं लिहिलं, खोडलं, पान फाडलं, पुन्हा लिहिलं. या वेळी तिनं वही आईकडं नाही, बापाकडं दिली.

"काय म्हणते?" इंदुताईनं विचारलं.

बापूजीनं आधी मनात वाचलं. मग मोठ्यानं वाचलं.

"मॅडम म्हणाल्या, दहा वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी आहे. बाबांनी माझ्यासोबत येऊ नये. मी एकटी जाईन. जे काय निघेल ते मी आधी ऐकीन. मग मला वाटलं तर घरी सांगेन, नाही वाटलं तर नाही सांगणार."

तो थांबला. इंदुताई अजून काही असेल म्हणून वाट पाहत होती.

"एवढंच हाये," बापूजी म्हणाला.